मांडीतली कळ गेली, आता पाऊलच ऐकत नाही

काजबटण
१४ एप्रिल, रात्री ११.१०

नमस्कार. इथे बरेच दिवस नुसती वाचते, लिहायला आज बसले. वय ४६, तासगावला असते. घरी ब्लाऊज शिवते, २२ वर्षं झाली. मशीन पायाचं. मधे मोटर बसवली होती, पण पाय हलल्याशिवाय मला टाका मनासारखा येत नाही म्हणून काढून माळ्यावर टाकली.

दोन वर्षं उजव्या पायाला सायटिका होती. कमरेतून कळ निघायची ती कुल्ल्यातून मांडीच्या मागनं थेट पोटरीत. खोकला आला की आधी भिंत धरायची, मग खोकायचं. एमआरआयमध्ये एल-४ आणि एल-५ या कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मधली गादी उजवीकडे बाहेर आलेली, नस दाबलेली. गोळ्या, पट्टा, वजन लावून ताण, पाठीत इंजेक्शन, सगळं करून झालं. शेवटी २२ जानेवारीला ऑपरेशन केलं. गादीचा बाहेर आलेला तुकडा काढला. स्क्रू-पट्टी काही नाही, टाके पाच.

शुद्धीवर आल्यावर पहिलं काम काय केलं, तर खोकून बघितलं. कळ आली नाही. मी रडायला लागले. नर्स विचारते, ताई फार दुखतंय का? म्हटलं, दुखत नाही म्हणून रडतेय गं बाई.

तिसऱ्या दिवशी घरी. सहा आठवडे वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, खाली जमिनीवर बसायचं नाही, मशीन बंद. शिवाय वजन उतरवा म्हणाले, तेही मनावर घेतलं, साडेसात किलो उतरलं. भात सोडला, गोड सोडलं, संध्याकाळी घरातल्या घरात चालणं. पण लग्नसराई तोंडावर आलेली, गिऱ्हाईक काही थांबत नाही. मशीन बंद म्हणून हातकाम घेतलं. फॉल लावणं, काजं, हुक. खाली बसायचं नाही म्हटल्यावर कॉटवर बसून करायची. सकाळी जेवणं आटपली की बसायचं ते दुपारच्या चहापर्यंत, आणि रात्री परत.

मार्चच्या सुरुवातीला एक दिवस बाहेर कपडे वाळत घालून आत आले तर उजव्या पायात स्लिपर नाही. अंगणात पडली होती. पायातून कधी निसटली मला पत्ताच नाही. मग ते रोजचंच झालं. उंबरठ्याला अंगठा ठेचकाळतो. चालताना पाय जरा जास्त उचलून टाकावा लागतो, नाहीतर चवडा फरशीवर फटकन आपटतो. धाकटा म्हणतो, आई तू बदकासारखी चालतेस.

आणि दुखणं वेगळंच. पहिल्यासारखी मांडीतली कळ नाही. नडगीच्या बाहेरच्या अंगानं खाली पावलाच्या वरच्या बाजूला आग होते. मिरच्या कुटलेल्या हातानं डोळा चोळल्यावर होते ना, तशी. रात्री चादर लागली तरी सहन होत नाही, आणि तिथेच बोट फिरवलं तर धड लागत नाही. एकाच जागी आग पण आणि बधिर पण, हे कसं होतं ते मला समजत नाही.

मार्चच्या मध्याला डॉक्टरांनी मशीनची परवानगी दिली. बसले. पॅडल पुढे दाबता येतंय, पण टाच दाबून चवडा वर यायला पाहिजे तिथे पाय मागे पडतो. ताल चुकला की चाक उलटं फिरतं आणि दोरा तुटतो. एका बाहीला चार वेळा दोरा तुटला. २२ वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी मशीनवर कापड झाकलं.

डॉक्टरांकडे जाऊन आले. जखम बघितली, पाय सरळ उचलून बघितला, चांगलं आहे म्हणाले. नस दोन वर्षं दबलेली होती, जिवंत होताना आग होते, वेळ द्या. रात्री नसेच्या आगीवरची प्रीगॅबॅलिन ७५ ही गोळी दिली. तिनं झोप लागते पण सकाळी डोकं जड. खरं सांगायचं तर बाहेर चाळीस माणसं बसलेली, मी घाईत ‘पाय दुखतो’ एवढंच म्हटलं. चपलेचं सांगायचं राहिलंच. चपलेचं काय सांगायचं डॉक्टरला, असंही वाटलं.

घरात तीन पक्ष आहेत. जाऊबाई म्हणतात, ऑपरेशनमध्ये नस कापली गेली. सासूबाई रोज वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेक देतात, परवा पावलावर फोड आला तेव्हा कळलं की भाजलं. यजमान म्हणतात, परत एमआरआय करू.

माझं विचारणं एवढंच. ही नस जिवंत होण्याची आग आहे का काहीतरी बिघडलंय? कुणाला असं झालं होतं का?

---

वारणाकाठ
१५ एप्रिल, सकाळी ६.५०

ताई, माझी गोष्ट सांगतो, तुमच्याशी जुळते का बघा. माझी पण एल-४ एल-५, पण डावीकडे. ऑपरेशननंतर चार महिने राजासारखा हिंडलो. मग एक दिवस मोटरसायकल स्टँडला लावताना तीच कळ, त्याच वाटेनं, खोकल्यावर वाढणारी. गादीचा राहिलेला भाग परत बाहेर आला होता.

तेव्हा एक गोष्ट शिकलो. ऑपरेशननंतरचा एमआरआय साधा काढून उपयोग कमी. आतला व्रण आणि परत आलेली गादी दोन्ही सारखीच दिसू शकतात. हातात औषध टोचून काढतात तो काढावा लागतो. व्रणाला रक्तपुरवठा असतो म्हणून तो औषधानं उजळतो, गादीचा तुकडा उजळत नाही. त्याआधी किडनीसाठी क्रिएटिनिन तपासतात.

पण माझं दुखणं जुन्याच वाटेनं आलं होतं. तुमची मांडी तर शांत आहे म्हणता. त्यामुळे माझ्यावरून तुमचं ठरवू नका.

---

जयहनुमान_तालीम
१५ एप्रिल, सकाळी ९.१५

कशाला डॉक्टरच्या मागं लागता. आमच्या गावाशेजारी एक वस्ताद आहेत, मणका बसवून देतात. पाय देऊन एक झटका दिला की नस मोकळी. माझ्या मेव्हण्याचा खांदा एका मिनिटात बसवला. शनिवारी आणि अमावस्येला गर्दी असते, आधी फोन करून जा.

---

रात्रपाळी
१५ एप्रिल, सकाळी ९.४०

तालीमवाले, खांदा निखळतो म्हणून बसवता येतो. यांचा मणका निखळलेला नाही. त्यांच्या पाठीत तीन महिन्यांपूर्वी हाड थोडं कोरून आत हात घातलाय. तिथे पाय देऊन झटका देणाऱ्याला मी वस्ताद म्हणणार नाही.

काजबटणताई, मी १९ वर्षं सर्जिकल वॉर्डात नर्स आहे. आधी वीट बंद करा. आजच. सासूबाईंना माझं नाव सांगा. बधिर भागाला शेक, गरम पाण्याची पिशवी, तापवलेलं मीठ काहीही नको, कारण भाजतंय हे सांगणारी नसच झोपलीय. फोड फोडू नका. रोज रात्री दिव्याखाली तळवा, बोटांच्या बेचक्या बघायच्या. साखर तपासली नसेल तर तपासून घ्या. मधुमेहात आग बहुतेक दोन्ही पावलांना मोजे घातल्यासारखी येते, तुमची एकाच पायाला आहे, तरी आकडा माहीत असलेला बरा.

आता जे सांगते ते तुम्हाला झालंय म्हणून नाही, इथे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी. पाठीच्या ऑपरेशननंतर लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, संडासवरचा ताबा गेला, बसतो तो भाग, म्हणजे मांड्यांच्या मधली जागा, बधिर झाली, दोन्ही पायांतलं बळ गेलं, तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजले असले तरी निघायचं. कमरेच्या खालच्या मणक्यांत नसांचा घोड्याच्या शेपटीसारखा झुबका असतो, तो दाबला गेला तर मिळणारा वेळ थोडा असतो. एका पायाची पोटरी सुजून गरम, टणक झाली तर ती नस नसेलही, रक्ताची गुठळी असू शकते, त्याला डॉप्लर, म्हणजे रक्तवाहिनीची सोनोग्राफी. आणि पाठच परत भयंकर दुखायला लागून ताप आला तर आत जंतुसंसर्ग.

आणि प्रीगॅबॅलिन मनानं एकदम बंद करायची नाही. नको असेल तर डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवतात.

चपलेचं डॉक्टरांना सांगायचं. तीच तर मुख्य तक्रार आहे.

---

पायरी
१५ एप्रिल, दुपारी २.३०

मी फिजिओथेरपिस्ट. तुमची पोस्ट दोनदा वाचली. एका वाक्यावर अडकलेय म्हणून आधी थोडे प्रश्न.

एक, शुद्धीवर आलात त्या दिवशी आणि पुढचे महिनाभर पाऊल वर उचलता येत होतं का? स्लिपर मार्चमध्ये निसटायला लागली असं लिहिलंय. ऑपरेशनमध्ये नसेला धक्का लागला असता तर बळ बहुतेक त्याच दिवशी किंवा पहिल्या एक-दोन दिवसांत गेलेलं दिसतं. पाच-सहा आठवडे चांगले जाऊन मग पाऊल पडायला लागलं, याचा अर्थ मधे काहीतरी नवीन घडलंय.

दोन, कॉटवर बसून फॉल लावता म्हणजे नक्की कशा बसता? उजवा पाय कुठे असतो? वर्णन करून सांगा, अगदी कंटाळवाणं वाटलं तरी.

तीन, मुलाला हाताशी घ्या. कुशीवर झोपा, उजवा पाय वर. तो सरळ ठेवून आभाळाकडे उचला, मुलाने वरून दाबायचं. मग उताणं झोपून मुलाने पाऊल काटकोनात हातात धरायचं, तुम्ही तळवा आतल्या बाजूला, डाव्या पायाकडे वळवायचा, त्याने बाहेर ढकलायचं. दोन्हीत ताकद किती आहे ते कळवा.

चार, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, हाडाचा एक गोटा हाताला लागतो. त्याच्या मागच्या बाजूला बोटाने हलकं टिचकी मारल्यासारखं करा. पावलापर्यंत करंट जातो का?

---

काजबटण
१५ एप्रिल, रात्री १०.२०

वीट बंद केली. सासूबाई रुसल्यात.

पाऊल पहिला महिना व्यवस्थित होतं. दवाखान्यात रोज सकाळी एक बारकी डॉक्टर येऊन अंगठा वर करा म्हणायची, मी करायची, ती माझा अंगठा दाबायची, मी तो तिच्या हाताविरुद्ध उचलायची. हे मी विसरूनच गेले होते.

बसायचं म्हणाल तर, कॉटला कडेनं लाकडी पट्टी आहे. गादीवर भिंतीला टेकायचं, डावा पाय खाली सोडायचा, उजवा पाय दुमडून गुडघा पट्टीवर टेकवायचा आणि त्याच्यावर साडी ताणून धरायची. फॉल लावायला गुडघाच लागतो, ताण धरल्याशिवाय चुण्या पडतात. एका साडीला मला पाऊण तास. दिवसाला चार-पाच साड्या व्हायच्या.

मुलगा दमला. आभाळाकडे उचललेला पाय त्याला दाबता आला नाही. तळवा आत वळवायला पण ताकद आहे, डाव्या इतकीच. फक्त वर उचलत नाही, आणि बाहेरच्या बाजूला वळत नाही.

त्या गोट्यामागं टिचकी मारली आणि मी ओरडलेच. जिथं आग होते तिथपर्यंत करंट गेला.

---

पायरी
१५ एप्रिल, रात्री ११.०५

ताई, तुम्हाला न बघता निदान करणार नाही, पण मला काय वाटतंय ते सांगते.

पाऊल वर उचलणारी नस कमरेतून एल-५ नावाच्याच नसेच्या वाटेनं निघते. तीच पुढे गुडघ्याच्या बाहेर त्या गोट्याला वळसा घालून नडगीवर उतरते. त्या वळणावर तिच्यावर मांस नाही, नुसती कातडी आणि थोडी चरबी. तिथे दाब बसला तर पाऊल पडतं, नडगीच्या बाहेरून पावलाच्या वर आग किंवा बधिरपणा येतो. म्हणजे कमरेतल्या नसेसारखंच चित्र. फरक कुठे कळतो? एल-५ कमरेतच अडकली तर खुब्याचा स्नायू आणि तळवा आत वळवणारा स्नायू हेही कमजोर व्हायला हवेत, कारण त्यांना जाणारे धागे गुडघ्याच्या त्या वळणाआधीच वेगळे झालेले असतात. तुमचे दोन्ही मजबूत आहेत. मांडीही शांत.

लाकडी पट्टीवर गुडघा टेकवून दिवसाला तीन-चार तास, हे त्या नसेवर पाट ठेवून बसल्यासारखं झालं. त्यात तुम्ही वजन उतरवलंत, म्हणजे होती ती चरबीची गादीही पातळ झाली. शेतात तासन्तास उकिडवं बसून काम करणाऱ्यांना हे होतं, प्लास्टर घट्ट बसलेल्यांना होतं. झटपट वजन उतरलेल्या लोकांनाही पायावर पाय टाकून बसण्याच्या सवयीमुळे झालेलं मी पाहिलंय.

पण हे माझ्या सांगण्यावर सोडू नका. ऑपरेशन झालेल्या बाजूला नवीन कमजोरी आली की सर्जननेच बघायला पाहिजे, आणि याच आठवड्यात. आत शिरल्या शिरल्या ‘माझं पाऊल उचलत नाही, मार्चपासून’ एवढंच म्हणा, बाकी सगळं नंतर. नसेची तपासणी, म्हणजे एनसीव्ही (नसेतून करंट कसा जातो ते बघतात) आणि ईएमजी (स्नायूत सुया घालून बघतात), होऊ शकते का विचारा. कमजोरी येऊन तीन आठवडे उलटून गेलेत, त्यामुळे आता सुयांच्या तपासणीत बदल दिसतील, लगेच केली असती तर कदाचित दिसले नसते.

आजपासून उजवा गुडघा कशावरही टेकवायचा नाही. मांडी नाही, पायावर पाय नाही. झोपताना उजव्या कुशीला गुडघ्याखाली उशी.

---

जयहनुमान_तालीम
१६ एप्रिल, सकाळी ८.००

बरं. पण मेव्हण्याचा खांदा बसला हे खरं आहे.

---

काजबटण
२ जून, रात्री ९.४५

उशीर झाला कळवायला. लग्नसराई संपली, हात रिकामे झाले.

सर्जनकडे गेले. दारातच म्हटलं, पाऊल उचलत नाही. ते उठून उभे राहिले. मला टाचांवर चालायला लावलं, एका पायावर उभं केलं, अंगठा दाबून बघितला. मागच्या वेळी हे का नाही सांगितलं म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही विचारलं नाही आणि मला सुचलं नाही. हसले, आणि मग स्वतःच म्हणाले की मला विचारायला पाहिजे होतं.

मिरजेला एनसीव्ही झाली. आधी पायाला झटके देतात, ते सोसवतात. मग स्नायूत सुया घालून मशीनमध्ये आवाज ऐकतात, पावसात पत्र्यावर थेंब पडल्यासारखा. रिपोर्ट असा की, कमरेच्या जुन्या दाबाची थोडी खूण आहे, पण खरी अडचण गुडघ्यापाशी. तिथे करंट मंदावतोय आणि निम्मा अडकतोय. नस तुटलेली नाही. एमआरआयही करून घेतला त्यांनी, औषधवाला, गादी परत आलेली नाही. म्हणजे जाऊबाई चुकल्या, सासूबाई चुकल्या, यजमानांचा एमआरआय झाला पण त्यातही काही निघालं नाही. ऑपरेशन चांगलंच झालं होतं. मीच फॉल लावून लावून नस दाबली.

आता पायात प्लास्टिकची पट्टी घालते, पोटरीमागून तळव्याखाली येणारी, पाऊल काटकोनात धरते. बुटात घालायची असते. साडीवर बूट बघून गल्लीत सगळे विचारतात. आठवड्याला दोनदा फिजिओ. जिथं नस नुसती दबलीय ते धागे काही आठवड्यांत शुद्धीवर येतात म्हणाले, ज्यांना जास्त मार बसलाय ते दिवसाला मिलिमीटरभर वाढतात. गुडघ्यापासून नडगीच्या स्नायूंपर्यंत मी टेपनं मोजलं. पहिले १० सेंटिमीटर धरले तरी १०० दिवस. टेप काय गळ्यातच असते.

आग निम्म्यावर आलीय. चादर चालते आता, पंख्याचा वारा चालत नाही. अंगठ्याच्या वरचा रुपयाएवढा भाग अजून बधिर आहे, तो कमरेचा का गुडघ्याचा हे डॉक्टरही सांगू शकले नाहीत. कालपासून अंगठा थोडा वर येतोय, गव्हाच्या दाण्याएवढा. धाकट्यानं व्हिडिओ काढून ठेवलाय.

फॉल आता टेबलावर लावते. यजमानांनी सुताराकडून एक उभट लाकूड करून आणलंय, गुडघ्याच्या गोलाईचं, टेबलाला स्क्रूनं बसतं, त्याच्यावर साडी ताणते. चुण्या पडत नाहीत. हे २२ वर्षांपूर्वी का सुचलं नाही कुणाला.

पायरीताई, रात्रपाळीताई, वारणाकाठ दादा, तुम्हा सगळ्यांना एक-एक ब्लाऊज माझ्याकडून. दादांनी वहिनींचं माप पाठवावं.

---

रात्रपाळी
२ जून, रात्री १०.३०

वा! पट्टी घातल्यावर कातडी रोज बघता ना? बधिर जागी घासलेलं कळणार नाही. लाल डाग वीस मिनिटांत गेला नाही तर पट्टी बदलून घ्या. आणि मशीनचं काय? तोपर्यंत मोटर बसवून डाव्या पायानं चालवून बघा की.

---

काजबटण
३ जून, दुपारी १२.१५

पट्टीखाली पातळ सुती मोजा घालते, रात्री बघते. मोटर माळ्यावरून काढली, डाव्या पायानं चालवली. एक अख्खी पाठ शिवली. आता उसवत बसलेय.